माणगाव सोडलं

बसस्टँडवरच्या कंट्रोलरला लोक दोनच प्रश्न विचारतात. गाडी कुठे आहे आणि मुतारी कुठे आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी एकतीस वर्षं खरं दिलं.

पहिल्या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं, "माणगाव सोडलंय." मी म्हसळ्याच्या स्टँडवर होतो. मुंबई-पनवेलकडून येणारी गाडी माणगावला हायवे सोडते आणि तिथून तासाभरात घाटातून आमच्याकडे येते. मी नोकरीला लागलो तेव्हा कंट्रोलरच्या खोलीतला फोन बहुतेक वेळा बंदच असायचा, त्यामुळे गाडी कुठे आहे हे मलाही कळायला मार्ग नसायचा. पण "माहीत नाही" म्हणणारा कंट्रोलर लोकांना चालत नाही. "माणगाव सोडलंय" म्हटलं की माणूस मनातल्या मनात म्हणतो, म्हणजे एक तास. मग तो चहा पितो, बायको बांगड्या भरून येते, पोरं वडापाव खातात. तासाने परत खिडकीशी आला की मी सांगायचो, "मोर्बा सोडलाय." गाडी तेव्हा पनवेलच्या अलीकडे चाक काढून बसलेली असू शकत होती.

यामागे माझं एक तत्त्वज्ञान होतं. उशिरा येणाऱ्या गाडीवर लोक कुरकुरतात, रद्द झालेल्या गाडीवर खवळतात. म्हणून "फेरी रद्द" हे दोन शब्द माइकवर बोलायची वेळ मी होईल तितकी लांबवायचो. तोवर निम्मी माणसं सहा आसनी रिक्षा धरून निघून गेलेली असायची, आणि उरलेली भांडायच्या पलीकडे दमलेली असायची. माझ्या निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "यांच्या काळात स्टँडवर कधी गोंधळ झाला नाही." मी शाल सावरत मान डोलावली.

बायकोला माझं हे तंत्र पाठ होतं. जेवायला कधी येताय असं तिने फोनवर विचारावं, मी "हा काय, निघालोच" म्हणावं, आणि तिने म्हणावं, "म्हणजे माणगाव सोडलं." मग ती ताट झाकून ठेवायची आणि स्वतः जेवून घ्यायची.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि नवी मुंबईच्या बाजूच्या एका मोठ्या हॉस्पिटलात केमो सुरू झाली. दर एकवीस दिवसांनी एक, अशा सहा. हे ऐकून मला, लाज वाटते सांगायला, जरा बरंच वाटलं. आजारातलं मला काही कळत नव्हतं, पण वेळापत्रक म्हणजे माझा प्रांत.

तिथल्या डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची बाई, पण बोलायला एकदम स्पष्ट. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. जंतूंशी लढणाऱ्या त्याच. त्या दिवसांत शरीर म्हणजे दार नसलेलं घर. ताप एकदा जरी शंभर पॉइंट चारच्या वर दिसला, तर थांबायचं नाही. तापाची गोळी द्यायची नाही, पुन्हा पुन्हा मोजून बघत बसायचं नाही. तुमच्याकडून आमच्यापर्यंत यायला चार तास लागतात, म्हणून आधी माणगावला जायचं, तिथल्या डॉक्टरांना हे पत्र द्यायचं. पहिलं अँटिबायोटिक तिथेच शिरेतून चालू होईल, मग आमच्याकडे. यात तासातासाने फरक पडतो. समजलं?"

"मॅडम," मी म्हणालो, "एकतीस वर्षं टायमावरच काम केलंय."

बायको पंख्याकडे बघत होती.

घरी आल्यावर मी पुठ्ठ्यावर तक्ता आखला. सातवा ते चौदावा दिवस लाल शाईत. एक रजिस्टर घातलं, त्यात वेळ, ताप आणि शेरा असे तीन रकाने. नवीन डिजिटल थर्मामीटर आणला. एक बॅग भरून दाराशी ठेवली आणि तिच्या चारही कप्प्यांना चिठ्ठ्या लावल्या. डॉक्टरांचं पत्र हरवू नये म्हणून त्याला प्लास्टिकचं आवरण घालून आणलं आणि तक्त्याच्या खाली भिंतीवर चार खिळ्यांनी ठोकलं. ते ठोकताना बायको म्हणाली, "अहो, ते बॅगेत नको का?" मी म्हटलं, समोर दिसेल असं असावं. आता ऐकताना तुम्हाला जे कळतंय ते मला तेव्हा कळलं नाही.

मग भेटायला येणाऱ्यांचा बंदोबस्त. पेशी कमी झाल्यात एवढी बातमी तिच्या माहेरी पोचली आणि तिथे डेंग्यूच्या साथीपासून पेशी म्हटलं की पपईचा पाला एवढंच लोकांना ठाऊक. रोज कोणी ना कोणी पाला घेऊन हजर. कच्चं काही द्यायचं नव्हतं, म्हणून मी दारात खुर्ची टाकून बसलो आणि पाला परतवू लागलो. यात माझं काही चुकलं नाही. पण अधिकार हातात आला की मी कुठे थांबतो? तिची भावजय सकाळी उठून चिंबोऱ्यांचा रस्सा करून, उकळता डबा फडक्यात गुंडाळून घेऊन आली. डॉक्टरांच्या यादीत चिंबोरी नव्हती. नीट शिजवलेलं काहीही चालेल असं यादीखाली लिहिलं होतं, पण मी यादी वाचली होती, खालचं नाही. भावजय डबा पायरीवर आपटून गेली. अन्न वाया घालवू नये म्हणून मी तो रस्सा ओट्याशी उभ्याउभ्या संपवला.

"कसा झालाय?" आतून बायकोचा आवाज आला.

"तिखट," मी म्हणालो.

पहिल्या दोन केमो तापाशिवाय पार पडल्या. त्याचं श्रेय कोणाचं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. गावात ज्याला त्याला मी केमो कशी घ्यावी ते सांगत सुटलो होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, एवढंच म्हणतो. पुढचं तुम्हाला येतंच.

तिसऱ्या केमोचा दहावा दिवस ऑक्टोबरात आला. सगळीकडे भाताची कापणी चालली होती आणि उन्हाने डोकं फुटायची वेळ आली होती. दुपारी एकला नेहमीप्रमाणे ताप घेतला. शंभर पॉइंट सहा.

आता एकतीस वर्षं टायमावर काम केलेल्या माणसाने काय केलं ते सांगतो. मी थर्मामीटर झटकला. डिजिटल थर्मामीटर झटकायचा नसतो. मग त्याचा सेल काढून पुसून परत घातला. मग स्वतःचा ताप घेतला, तो सत्त्याण्णव निघाला, म्हणजे यंत्र ठीक होतं. मग मी स्वतःला समजावलं की तिने आत्ता गरम पेज घेतली आहे, खोलीला पत्र्याची उष्णता आहे, थोडं थांबून पाहू.

"किती?" तिने विचारलं.

"नव्व्याण्णव."

आणि रजिस्टरात मी नव्व्याण्णव लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "उकाडा."

दोन वाजता परत घेतला. शंभर पॉइंट नऊ. या वेळी तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तीन वाजता मी थर्मामीटर हातात घेतला आणि परत डबीत ठेवला. चहा केला. अंगणात जाऊन उगाच वाळत टाकलेले कपडे उलटे केले. साडेतीनला मी तक्त्यासमोर उभा राहून दहाव्या दिवसाच्या चौकटीकडे बघत होतो, जसं काही तिथून कोणी उतरणार होतं.

मी घाबरलो होतो. दुसरं काही नव्हतं. हा शब्द तेव्हा सुचला असता तरी मी उच्चारला नसता. मला वाटत होतं की मी "ताप" म्हटलं की ताप येईल. मी बोललो नाही तोवर ती घरात पडलेली माझी बायको होती, आणि बोललो की ती दार नसलेलं घर होणार होती. लोकांना गाडी रद्द झाल्याचं न सांगता बसवून ठेवायची सवय मला होतीच. या वेळी खिडकीच्या दोन्ही बाजूंना मीच होतो.

पावणेपाचला तिला हुडहुडी भरली. त्या उकाड्यात तिने दोन गोधड्या ओढून घेतल्या आणि तरी दात वाजत होते. हात लांब करून तिने डबीतला थर्मामीटर स्वतः काढला, काखेत धरला, वाजल्यावर चष्मा लावून बघितला. एकशे दोन.

"दुपारपासून हाय ना?" ती म्हणाली.

मी थर्मामीटरची रिकामी डबी मिटून ठेवली.

"अहो कंट्रोलरसाहेब, आता तरी फेरी रद्द करा."

फोनही तिनेच केला. शेजारी एक गृहस्थ आहेत, वीस वर्षं आखातात गाडी चालवून परत आलेले, आता स्वतःची व्हॅन भाड्याने चालवतात. अस्रच्या नमाजाला निघालेले ते टोपीसकट तसेच व्हॅन घेऊन दारात आले. "भाभीला मागं आडवं करा, तुम्ही त्यांच्या बाजूला बसा. फिकर नका करू, अल्ला खैर करेल. पण साहेब, दुपारी का न्हाय बोलावलंत? मी घरातच होतो की." मी म्हणालो, ताप आत्ताच आला. बायकोने डोळे मिटून घेतलेले होते.

घाट चढताना मला पत्र आठवलं. ते भिंतीवर होतं, चार खिळ्यांनी. "माझ्या फोनात फोटो हाय," ती दात वाजवत म्हणाली. "तुम्ही ठोकत होतात तवाच काढून ठेवला."

माणगावच्या डॉक्टरांनी फोटो वाचला, रक्तदाब बघितला आणि नर्सला हाक मारली. वरचा आकडा ऐंशीवर आला होता. हाताला सुई लावता लावता त्यांनी मला विचारलं, "ताप कधी आला?"

"तासाभरापूर्वी," मी म्हणालो. "आला तसे निघालो."

त्यांनी कागदावर तसं लिहिलं. मी ते लिहिताना बघत होतो. दुरुस्त करायला मला भरपूर वेळ होता, कारण डॉक्टर हळू लिहीत होते.

पहिलं अँटिबायोटिक गेलं, सलाइन लागलं, आणि अंधार पडल्यावर आम्ही ॲम्ब्युलन्समधून नवी मुंबईकडे निघालो. बाजारपेठ संपली, हायवे लागला. मी आयुष्यात पहिल्यांदाच खात्रीने सांगू शकत होतो की गाडीने माणगाव सोडलंय, आणि विचारणारं कोणी नव्हतं. ती ग्लानीत होती.

तिच्या पांढऱ्या पेशी चारशे निघाल्या. निरोगी माणसात त्या चार हजारांच्या वर असतात. तिला एका वेगळ्या खोलीत ठेवलं, आत जाताना मास्क आणि हात धुणं, आणि आत सोडत तेही दिवसातून दोनदाच. सकाळी डॉक्टर आल्या, त्यांनी माणगावचा कागद वाचला आणि माझ्याकडे बघून हसल्या. "तासाभरात माणगावला पोचलात, काका. शाब्बास. असे नातेवाईक आम्हाला कमी मिळतात."

मी मान डोलावली. अंगावर शाल तेवढी नव्हती.

खोल्यांबाहेरच्या बाकावर नातेवाईक बसायचे. तिथे माझ्याशेजारी माणगावच्या पलीकडच्या एका डोंगराळ गावातली बाई होती. भातशेती करणारी, पन्नाशीची. तिच्या नवऱ्याला रक्ताचा कॅन्सर होता आणि तोही तापाने आला होता, पेशी त्याच्याही अशाच तळाला गेलेल्या. तो समोरच्या खोलीत होता. तिने मला सगळं पहिल्याच दिवशी सांगितलं, काही लपवलं नाही.

"दोन दिस ताप हुता. कापनी चालली हुती ना. त्यांनी सांगितलाच न्हाय. मला अंगाला हात लावल्यावर कळला, तर म्हनाले, उद्या जाऊ, भाताचा एक दांड कापायचा राह्यलाय. मी पन म्हटला, बरं. इथं आल्यावर डॉक्टर किती बोलले मला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी शिकलेले. तुमी तासात आनलंत. त्या डॉक्टरीन बाई सांगत हुत्या सगल्यांना."

त्या खरंच सांगत होत्या. नव्याने आलेल्या नातेवाइकांना त्या माझं उदाहरण देत. मी बाकावर बसलेला असे आणि लोक वळून बघत.

मी काय करावं? मी कामाला लागलो. दोन दिवसांत तो सगळा व्हरांडा मी चालवायला घेतला. रक्त तपासायला कुठल्या खिडकीत द्यायचं, रिपोर्ट किती वाजता येतो, कुठली लिफ्ट बंद आहे, हे लोक मला विचारू लागले. डॉक्टर कधी येतील असं कोणी विचारलं की माझ्या तोंडून निघायचं, "निघाल्यात, खालच्या मजल्यावर आहेत." आणि ती बाई दर तासाला विचारायची, "दादा, ह्यांचा ताप उतरंल ना?"

"उतरेल," मी म्हणायचो. "उतरायलाच लागलाय."

ऐकून ती पदराने तोंड पुसायची आणि बाटलीतलं पाणी प्यायची. माझं तंत्र अजून चालत होतं.

माझ्या बायकोचा ताप मात्र तिसऱ्या दिवशीही उतरला नव्हता. पेशी चारशेच्या तीनशे झाल्या होत्या. त्या वाढवायचं इंजेक्शन रोज पोटात देत होते, रक्तदाबाचं औषध थेंबाथेंबाने चालू होतं. काचेतून मला तिचे पाय दिसायचे. तिच्या पायांकडे मी छत्तीस वर्षांत कधी नीट बघितलं नव्हतं. डाव्या पायाच्या करंगळीशेजारचं बोट वाकडं आहे हे मला तिथे कळलं.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, "मॅडम, कुठवर आलंय?"

"माहीत नाही, काका," त्या म्हणाल्या. "एक-दोन दिवसांत पेशी वर यायला हव्यात. येतील असं वाटतं. पण आज मी काही सांगू शकत नाही."

मी खिडकीसमोर एकतीस वर्षं उभ्या राहिलेल्या लोकांच्या जागी उभा होतो आणि मला चहा प्यायला जावंसं वाटत नव्हतं. गंमत म्हणजे त्यांचा मला राग आला नाही. त्या माहीत नाही म्हणाल्या तर खरंच माहीत नसेल, आणि ज्या दिवशी त्या बरं आहे म्हणतील त्या दिवशी खरंच बरं असेल, एवढं मला कळलं. माझ्या बायकोला माझ्याबद्दल असं कधी म्हणता आलं असतं का, हा विचार मी तिथे केला आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

पाचव्या दिवशी सकाळी तिचा ताप उतरला. पेशी सातशे. नर्सने काचेआडून अंगठा दाखवला. मी बाकावर येऊन बसलो आणि मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन, रुमाल बॅगेच्या तिसऱ्या कप्प्यात होता तोही सापडेना.

त्याच सकाळी दहाच्या सुमाराला समोरच्या खोलीतला माणूस गेला.

त्याचा भाऊ कागदपत्रांसाठी खाली गेला. ती बाई बाकावर येऊन बसली. पायाशी पिशवी होती, तिच्यात नवऱ्याचे कपडे घडी करून ठेवलेले. रडून झालं होतं किंवा अजून सुरू व्हायचं होतं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुमच्यासारकं तासात आनलं असतं तर वाचले असते ना, दादा?"

माझ्या तोंडाशी काहीतरी येत होतं. नशीब, देवाची मर्जी, असलं काहीतरी. त्याने ती तेवढ्यापुरती शांत झाली असती. पण हा प्रश्न घेऊन ती गावी जाणार होती, पुढच्या कापणीला, त्याच्या पुढच्या कापणीला, आणि दर वेळी त्यात मी असणार होतो, तासात आणणारा शिकलेला माणूस.

"मी तासात नाही आणलं," मी म्हणालो. "दुपारी एकला ताप दिसला होता. मी पाच वाजेपर्यंत घरात बसलो. तिला खोटं सांगितलं, डॉक्टरांना खोटं सांगितलं. माझं कौतुक झालं ते सगळं खोट्यावर झालं."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं की ऐकून तिच्या मनावरचं ओझं थोडं उतरेल. मी अजून तितकाच मूर्ख होतो.

"मग तुमचं मानूस कसं वाचलं?" तिने विचारलं.

व्हरांड्यातली दोन-चार माणसं आमच्याकडे बघत होती. सगळे मला उत्तर देणारा माणूस म्हणून ओळखत होते.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग दीर खालून आला, तिने पिशवी उचलली आणि ती लिफ्टकडे गेली. बंद असलेल्या लिफ्टकडे. मी उठून तिला दुसरी दाखवली, तेवढंच.

दुपारी मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि त्यांना पण सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील, आणि मला ते हवंच होतं. पण त्यांनी फाइल काढली, माणगावच्या कागदावरचा "एक तास" खोडून "पाच तास" लिहिलं आणि बाजूला सही केली. मी त्यांना त्या बाईचा प्रश्न सांगितला.

"दोघांचे आजार वेगळे होते," त्या म्हणाल्या. " दाद देणारे नव्हते. दोन दिवस आधी आले असते तर वाचले असते का, मला सांगता येणार नाही. लवकर येणारे जास्त वाचतात, एवढं ठाऊक आहे. त्यातला नेमका कोण वाचणार हे आधी कळत नाही, काका. म्हणून तर सगळ्यांना धावत यायला सांगतो." मग फाइल मिटून म्हणाल्या, "तुमचं उदाहरण आता मी देणार नाही."

"द्या की," मी म्हणालो. "फक्त खरं द्या."

आठव्या दिवशी पेशी अठराशे झाल्या आणि आम्हाला घरी सोडलं. शेजारी व्हॅन घेऊन आले होते. हायवेवरून वळून आम्ही म्हसळ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. दोन्ही बाजूंची शेतं कापून मोकळी झाली होती.

"माणगाव सोडलं," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली. एक वाजता किती होता, दोनला किती होता, रजिस्टरात काय लिहिलं. तिने मधेच हात वर केला.

"मला ठाव हाय. तुम्ही थर्मामीटर झटकलात तवाच कळलं. आणि माणगावला तो तासभर म्हनालात, तोही ऐकला मी."

"मग बोलली का नाहीस?"

"दात वाजत हुते," ती म्हणाली. मग पदर सारखा करून म्हणाली, "आणि तुमचं तोंड बघवत नव्हतं."

घाट उतरल्यावर तिने त्या बाईचं विचारलं, नर्सने तिला सांगितलं होतं. त्या बाईने मला काय विचारलं आणि मी काय म्हणालो ते मी सांगितलं. "बरं केलंत," ती म्हणाली, आणि दुपारी भावजयीला फोन लावून चिंबोऱ्यांचा रस्सा घेऊन ये म्हणून सांगितलं. तो डबा मी दारातून आत नेला, फडकं न सोडता.

त्याच संध्याकाळी पत्राचे खिळे काढले. पत्र आता बॅगेत असतं. रजिस्टरातल्या त्या दिवसाच्या ओळीवर मी काट मारली, खरे आकडे लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यातलं "उकाडा" खोडून "घाबरलो" लिहिलं.

चौथ्या केमोच्या दहाव्या दिवशी दुपारी एकला मी तिचा ताप घेतला आणि मोठ्याने वाचला, "अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन." तो खरंच तेवढा होता. तिने हात पुढे केला. मी थर्मामीटर दिला. तिने उशीखालचा चष्मा काढून लावला, आकडा स्वतः बघितला आणि मग मला परत दिला.

आता दर वेळी तसंच होतं. मी आकडा वाचतो आणि ती हात पुढे करायच्या आत थर्मामीटर तिच्यापुढे धरतो.